माती परीक्षणाचा अहवाल हातात आला, आता त्यातले शब्द कसे वाचायचे?

माती तपासून घेणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. अहवालाचा कागद मात्र घडी घालून कपाटात जातो, आणि शेतात शेजाऱ्याने टाकला तेवढाच युरिया पडतो. याला आळस म्हणणं मला पटत नाही. त्या कागदावर सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध स्फुरद, पीपीएम असे दहा-बारा शब्द एकाखाली एक छापलेले असतात, आणि त्यांचा अर्थ कुणी शेजारी बसून सांगितलेला नसतो. शहरातली नोकरी सोडून वडिलोपार्जित जमीन कसायला आलेल्या तरुणांची तर इथेच पहिली अडचण होते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. अहवाल समोर ठेवूनच वाचा.

नमुना नीट नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ

प्रयोगशाळा तपासते ती जेमतेम काही ग्रॅम माती. १५ सेंटिमीटर जाडीच्या थरात एका हेक्टरवर अंदाजे २२ लाख ४० हजार किलो माती असते. एवढ्या मातीच्या वतीने ती चिमूटभर माती बोलणार असते. म्हणून माझ्या मते अहवालाचा निम्मा खरेखोटेपणा प्रयोगशाळेत नाही, शेतातच ठरतो.

पीक निघालं की, नांगरटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये नमुना घ्या. रासायनिक खत टाकून दोन-तीन महिने झालेले असावेत. आधी शेताभोवती एक फेरी मारा आणि रंग, उतार, खोली बघून जमिनीचे भाग पाडा. वरच्या अंगाची मुरमाड, खालची काळी भारी आणि ओढ्याकाठची पोयट्याची जमीन एकाच पिशवीत घालू नका. तिन्हींची सरासरी निघेल, आणि ती तिघींपैकी कुणालाच लागू पडणार नाही.

एका भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. हंगामी पिकांसाठी खोली एक वीत, म्हणजे साधारण साडेबावीस सेंटिमीटर. खड्ड्यातली माती काढून टाका आणि मग त्याच्या तिरप्या बाजूवरून वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती तासून घ्या. बांधाजवळ, विहिरीपाशी, झाडाखाली, जनावरं बांधायच्या जागी, जुन्या उकिरड्यावर किंवा पाणी साचतं तिथे खड्डा घेऊ नका. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको. प्लास्टिकचं घमेलं आणि लाकडी खुरपी वापरा, नाहीतर घमेल्याचं जस्त अहवालात जमिनीच्या नावावर जमा होईल.

सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करा, ढेकळं फोडा, गोल पसरा आणि चार भाग करा. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो माती राहीपर्यंत हेच करत राहा. ओली असेल तर सावलीत वाळवा, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरताना आत चिठ्ठी टाका. तिच्यावर गट क्रमांक, तारीख, खोली, मागचं पीक, पुढचं पीक आणि पाण्याची सोय लिहा. खताच्या रिकाम्या गोणीत माती नेऊ नका, गोणीला चिकटलेल्या चार दाण्यांनी आकडा बिघडतो.

फळबाग लावायची असेल तर ही पद्धत चालत नाही. तिथे ३०-३० सेंटिमीटरचे तीन थर, जवळजवळ मीटरभर खोलीपर्यंत, वेगवेगळे तपासायचे. डाळिंब किंवा संत्र्याचं झाड पंधरा-वीस वर्षं उभं राहणार असतं, आणि खाली चुनखडीचा थर असेल तर तो आधीच कळलेला बरा.

उपलब्ध: अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द

आकड्यांकडे जाण्याआधी या एका शब्दापाशी थांबू. अहवालात नुसतं 'नत्र' किंवा 'स्फुरद' लिहिलेलं नसतं, 'उपलब्ध नत्र', 'उपलब्ध स्फुरद' असं असतं. एखादं अन्नद्रव्य जमिनीत एकूण किती आहे ही एक गोष्ट, आणि त्यातलं किती पिकाच्या मुळांना उचलता येईल ही दुसरी. आपल्या काळ्या जमिनीत लोह काही थोडं नाही. दख्खनचा बेसाल्ट खडक लोहाने भरलेला आहे आणि त्याचीच ही माती झाली. तरीही याच जमिनीत भुईमूग आणि ऊस लोहाच्या अभावी पिवळे पडतात. नवं पान शिरा हिरव्या ठेवून पिवळं-पांढरं होतं, त्याला आपल्याकडे केवडा म्हणतात. लोह जमिनीत भरपूर असतं, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं.

हा फरक मनात ठेवलात तर पुढचा प्रत्येक शब्द सोपा जाईल. सामू, चुनखडी आणि सेंद्रिय कर्ब हे अन्नद्रव्यांचे मोजमाप नाहीत. असलेलं अन्न पिकापर्यंत पोहोचेल की नाही, ते या तिघांवरून कळतं. म्हणून अहवाल वाचताना नजर आधी नत्र-स्फुरद-पालाशवर जाऊ देऊ नका. वरून खाली, या तिघांपासून सुरुवात करा.

समजा, पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम काळ्या जमिनीचा असा अहवाल तुमच्या हातात आहे. सामू ८.२, विद्युत वाहकता ०.३४, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, मुक्त चुनखडी ९.५ टक्के. उपलब्ध नत्र १८८, स्फुरद ११.६, पालाश २६४ किलो प्रति हेक्टर. लोह ३.१, जस्त ०.४८, मंगल (मँगनीज) ६.२, तांबे २.४ पीपीएम. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा धाटणीचे अहवाल आपल्याकडे नेहमी दिसतात.

सामू आणि त्याच्या मागे उभी असलेली चुनखडी

सामू म्हणजे पीएच, मातीचा आम्ल-विम्लपणा. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. बहुतेक पिकांना ६.५ ते ७.५ मानवतो. ही मोजपट्टी साधी नाही हे नवख्यांनी जरूर ध्यानात घ्यावं. एका अंकाच्या फरकाने दहा पटीचा फरक पडतो. ७ आणि ८ शेजारी दिसतात, पण ८ सामू ७ पेक्षा दहापट विम्ल असतो.

आपल्या उदाहरणात सामू ८.२ आहे. देशावरच्या काळ्या जमिनीत ७.५ ते ८.५ हे सर्रास आढळतं. कोकणातल्या जांभ्या मातीत उलटं चित्र असतं. तिथे पावसाने चुना धुऊन नेलेला असतो आणि सामू ५ ते ६.५ च्या आसपास असतो. म्हणून रत्नागिरीच्या बागेत चुना टाकण्याचा सल्ला योग्य, आणि तोच सल्ला सोलापुरात अगदी चुकीचा. कुणी सल्ला दिला तर आधी त्याची जमीन कुठली ते विचारा.

सामू कमी करणारी औषधं बाजारात पुष्कळ मिळतात. ती घेण्याआधी अहवालातली पुढची ओळ वाचा, मुक्त चुनखडी. आपल्याकडे ती ९.५ टक्के आहे. हेक्टरी २२ लाख ४० हजार किलो मातीत ९.५ टक्के म्हणजे २१२ टनांहून जास्त, एकरी सुमारे ८५ टन चुना. एक किलो गंधकापासून होणारं आम्ल साधारण तीन किलो चुना संपवतं. ही सगळी चुनखडी संपवायला एकरी २७ टन गंधक लागेल! बाटलीभर आम्ल ठिबकातून सोडून सामू कायमचा उतरेल का, हे या हिशोबावरून तुम्हीच ठरवा. मुळांभोवतीचा सामू थोड्या काळापुरता जरूर बदलतो, ठिबकाच्या नळ्या साफ होतात, पण जमीन तीच राहते. चुनखडीच्या जमिनीत शहाणपणाची वाट वेगळी आहे: तग धरणारी पिकं आणि (कलमी झाडांत) खुंट निवडा, सेंद्रिय खत वाढवा, आणि अन्नद्रव्य योग्य रूपात, योग्य जागी द्या.

विद्युत वाहकता: क्षार किती विरघळले आहेत

विद्युत वाहकता म्हणजे ईसी. मातीच्या पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते. त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो. एकक डेसिसायमन प्रति मीटर. नेहमीच्या माती-पाणी मिश्रणात हा आकडा १ च्या आत असेल तर काळजी नाही. १ ते २ मध्ये उगवणीला त्रास होऊ लागतो, आणि त्यापुढे क्षारांना नाजूक पिकं खालावतात. आपला ०.३४ उत्तम आहे.

आकडा १ च्या वर गेला की खारवट आणि चोपण हे दोन शब्द वेगळे ओळखता आले पाहिजेत. खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा फुलोरा येतो. तिच्यात विरघळणारे क्षार जास्त असतात, आणि निचरा करून गोड्या पाण्याने ते खाली धुता येतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. सामू साडेआठच्या वर जातो, ओली असताना माती चिकट चिखल होते, वाळली की दगडासारखी कठीण. पाणी मुरतच नाही. तिथे नुसतं पाणी सोडून काही होत नाही. जिप्सम टाकून सोडियम सोडवावं लागतं आणि मग तो धुऊन काढावा लागतो. जमीन चोपणही असेल आणि चुनखडीचीही असेल, तर जिप्समऐवजी गंधक सुचवतात, कारण चुना जमिनीत आधीच आहे, फक्त तो विरघळवायचा असतो. कोणताही उपाय करा, निचरा आधी. कृष्णा, नीरा, प्रवरा या नद्यांच्या कालव्याखालच्या कितीतरी चांगल्या जमिनी पाटाने पाणी देऊन आणि चर न काढून खराब झाल्या. सांगली-कोल्हापूरकडे आता भूमिगत सच्छिद्र पाईप टाकून त्या परत मिळवायचं काम चालतं. खर्चिक आहे, पण होतं.

कोकणातल्या खार जमिनी आणि गोव्यातली खाजन शेती ही वेगळी गोष्ट आहे. तिथलं मीठ समुद्राच्या भरतीचं. बांध आणि मानशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी दारं, यांच्या साहाय्याने पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात पिकतं, आणि वरचे निकष तिथे जसेच्या तसे लावू नयेत.

सेंद्रिय कर्ब: थोडा वेळ इथे थांबा

कर्ब म्हणजे कार्बन. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून, शेणखतातून, मुळांतून जमिनीत साठलेला कार्बन. अहवालातल्या आकड्याला १.७२ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज येतो. आपल्या ०.४२ चे साधारण ०.७२ टक्के सेंद्रिय पदार्थ. शंभर किलो मातीत पाऊण किलोसुद्धा नाही!

हा आकडा कमी का असतो? आपल्याकडे ऊन भरपूर, माती तापते, सूक्ष्मजीव जोमाने कर्ब खाऊन टाकतात आणि तो कर्बवायू होऊन हवेत जातो. वर आपण धसकटं जाळतो, उसाचं पाचट पेटवतो, शेण चुलीत घालतो. दोन-दोनदा नांगरटही होते.

'एका हंगामात कर्ब १ टक्क्यावर न्या' अशा जाहिराती दिसतात. त्याचा हिशोब घालू. कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा तरी एकरी सुमारे ९०० किलो शुद्ध कर्ब जमिनीत टिकायला हवा. टाकायला नव्हे, टिकायला. आपण टाकलेल्या शेणखतात साधारण निम्मं पाणी, उरलेल्यात मातीही बरीच, आणि जो कर्ब असतो त्यातला बराचसा जीवाणू खाऊन संपवतात. त्यामुळे कर्ब हळूहळूच वाढतो. पाच वर्षांत ०.४२ चा ०.५५ झाला तर तुम्ही फार मोठं काम केलंत असं मी मनापासून म्हणेन.

याच्याशी जोडलेला शब्द म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर. जमिनीत मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात १ भाग नत्राला १० ते १२ भाग कर्ब असतो. गव्हाच्या काडात ८० च्या आसपास, उसाच्या पाचटात शंभराच्याही वर. असं काड गाडलं की ते कुजवणाऱ्या जीवाणूंना नत्र लागतं, ते जमिनीतलं उचलतात आणि पीक काही दिवस पिवळं पडतं. यातून 'पाचट ठेवलं तर ऊस पिवळा होतो' हा समज तयार झाला आणि लोकांनी पेटवायला सुरुवात केली. उपाय साधा आहे. एकरी तीन-चार टन पाचट सरीत बसवून त्यावर सुमारे ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जीवाणू खत टाकायचं आणि पाणी द्यायचं. जीवाणूंचं नत्र त्यांना मिळालं की ते पिकाच्या ताटात हात घालत नाहीत.

नत्र, स्फुरद, पालाश आणि वर्गवारीचा गोंधळ

नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम. नत्राने शाकीय वाढ होते, स्फुरदाने मुळं आणि फुलोरा, पालाशने पाण्याचा ताण सहन करायची ताकद आणि दाण्याचं वजन. एवढं सगळ्यांना पाठ असतं. अडचण येते ती 'कमी', 'मध्यम', 'भरपूर' या शेऱ्यांनी.

देशभर बऱ्याच ठिकाणी तीन गट वापरतात. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांच्या तक्त्यात सहा गट असतात, अत्यंत कमीपासून अत्यंत जास्तपर्यंत. त्यामुळे एकाच मातीला दोन कागदांवर दोन शेरे मिळतात आणि शेतकरी प्रयोगशाळेवर रागावतो. आपलंच उदाहरण घ्या. सेंद्रिय कर्ब ०.४२ हा सहा गटांत मध्यम बसतो, कारण तिथे मध्यम ०.४१ ते ०.६०. तीन गटांत तो कमी, कारण ०.५० च्या खालचं सगळं कमी. पालाश २६४ सहा गटांत जास्त, तीन गटांत मध्यम. स्फुरद ११.६ सहा गटांत कमी, तीन गटांत मध्यम. नत्र १८८ मात्र दोन्हीकडे कमीच, कारण २८० ची रेषा दोन्हीकडे आहे. प्रयोगशाळा चुकलेली नाही, मोजपट्टी वेगळी आहे. ज्या विद्यापीठाची खताची शिफारस वापरणार आहात, त्याच विद्यापीठाचा तक्ता वापरा. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस आणि दुसऱ्या राज्यातला तक्ता अशी सरमिसळ करू नका.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, एकक. अहवाल किलो प्रति हेक्टर असतो आणि आपण एकरात विचार करतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर, म्हणजे १०० गुंठे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग, आणि त्याला २.२४ ने गुणलं की किलो प्रति हेक्टर मिळतं. दुसरं, स्फुरद आणि पालाश कधी मूलद्रव्याच्या रूपात लिहितात, कधी ऑक्साइडच्या. खताच्या गोणीवरचे आकडे ऑक्साइडचे असतात. मूलद्रव्य स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशला १.२ ने गुणलं की ऑक्साइड होतं. प्रयोगशाळेला एवढं एकच विचारून ठेवा.

स्फुरदाविषयी थोडं जास्त सांगतो, कारण सर्वांत जास्त पैसा इथे अडकून पडतो. चुनखडीच्या जमिनीत टाकलेलं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं, आणि आम्ल जांभ्या जमिनीत ते लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी. पहिल्या हंगामात पिकाला टाकलेल्याचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. बाकीचं वाया गेलेलं नसतं, जमिनीत अडकलेलं असतं. म्हणून स्फुरदाचं खत फोकून टाकू नये. पेरणीबरोबर बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली, पट्ट्यात पेरून द्यावं. कुजलेल्या शेणखतात मिसळून दिलं तर आणखी बरं. बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जीवाणू चोळायची प्रक्रिया स्वस्त आहे, ती टाळू नका.

काळ्या जमिनीत पालाश सहसा चांगलं असतं. नत्राचं मात्र लक्षात ठेवा की ते जमिनीत साठून राहत नाही. नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली जातं, विहिरीत उतरतं. म्हणून नत्र विभागूनच द्यायचं. काही प्रयोगशाळा नत्र वेगळं तपासत नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज काढतात. नत्राचा आकडा कसा काढला, तेही विचारावं.

सूक्ष्म अन्नद्रव्यं

इथे गट नसतात, एक रेषा असते, तिला चिकित्सक पातळी म्हणतात. लोह ४.५, मंगल २.०, जस्त ०.६, तांबे ०.२, बोरॉन ०.५ पीपीएम. गंधक सूक्ष्म अन्नद्रव्यांत मोडत नाही, पण त्याचीही रेषा १० पीपीएमला धरतात. रेषेच्या खाली आकडा असेल तरच ते अन्नद्रव्य बाहेरून द्यायचं. आपल्या अहवालात लोह ३.१ आणि जस्त ०.४८, दोन्ही रेषेखाली. मंगल आणि तांबे पुरेसे आहेत, मग त्यांचं मिश्रण कशाला विकत घ्यायचं?

जस्तासाठी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट जमिनीतून द्या. स्फुरदाच्या खतात ते मिसळू नका, दोघं एकमेकांना बांधून टाकतात. लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एकरी १० किलोच्या आसपास, पण चुनखडीच्या मातीत कोरडं टाकलं तर दोन-चार दिवसांत निकामी होतं. कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावून, आठ-दहा दिवस सावलीत मुरवून मग सरीत द्या. उभ्या पिकावर केवडा दिसला तर अर्धा टक्का द्रावणाची फवारणी लवकर गुण देते.

कागदावरून गोणीपर्यंत

आता हे सगळं गव्हाच्या एका एकरावर उतरवू. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० ची शिफारस आहे, म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश. एकरी ४८:२४:१६. गट 'कमी' असेल तर पाव हिस्सा वाढवायचा, 'जास्त' असेल तर पाव हिस्सा घटवायचा. सहा गटांच्या तक्त्यात आपलं नत्र कमी, स्फुरद कमी, पालाश जास्त. म्हणून एकरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश.

गोणीवरचे आकडे शंभर किलोतले असतात. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असतं. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, युरियात ४६ टक्के नत्र, पोटॅश खतात (म्युरेट ऑफ पोटॅश) ६० टक्के पालाश.

स्फुरदापासून सुरुवात करा. ३० किलो स्फुरदासाठी ६५ किलो डीएपी लागेल. त्यातून सुमारे १२ किलो नत्रही मिळतं. उरलेल्या ४८ किलो नत्रासाठी १०५ किलो युरिया. १२ किलो पालाशसाठी २० किलो पोटॅश. पेरणीच्या वेळी सगळं डीएपी, सगळं पोटॅश आणि ४० किलो युरिया, म्हणजे निम्मं नत्र पोटात. उरलेला ६५ किलो युरिया तिसऱ्या आठवड्यात, मुकुटमुळं, म्हणजे रोपाच्या बुडाशी नवी मुळं, फुटतात तेव्हाच्या पाण्याच्या वेळी.

डीएपी मिळत नसेल तर अडून बसू नका. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असतं. ३० किलो स्फुरदासाठी ते १८७ किलो लागेल आणि सोबत २० किलो गंधक येईल. मग युरिया १३० किलो घ्या. सोयाबीन, भुईमूग, करडई अशा गळिताच्या पिकांना मी तर सुपर फॉस्फेटच घ्यायला सांगतो, गंधकाने तेलाचं प्रमाण सुधारतं. ओझं वाहायला जास्त आहे, हे खरं.

युरियाची गोणी ४५ किलोची असते, डीएपीची ५० ची. गोण्या मोजून टाकायची सवय असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

अहवाल कुठून घ्यायचा आणि पुढे काय

जिल्ह्याची मृदा चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र, किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली कृषी विद्यापीठं. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, तीन मुख्य अन्नद्रव्यं, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. मुक्त चुनखडी त्या बारांत नाही. काळ्या जमिनीत ती तपासणं फार गरजेचं आहे, म्हणून नमुना देतानाच वेगळी मागून घ्या. शिवाय पत्रिकेचा नमुना जाळीच्या चौकोनातून घेतात, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. तुमचं शेत त्या चौकोनाच्या कोपऱ्यात असेल आणि नमुना दुसऱ्या टोकाचा असेल. गावाची कल्पना यायला तो उपयोगी आहे, पण खत मोजायला स्वतःचा नमुना द्या.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही त्याच फेरीत तपासून घ्या. बोअर अर्धा तास चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत पाणी भरा. मातीची ईसी आज चांगली आणि पाण्याची वाईट असेल, तर काही वर्षांनी माती पाण्यासारखीच होणार.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासा. त्याच जागा, तीच वीतभर खोली, तोच एप्रिल-मे आणि शक्यतो तीच प्रयोगशाळा. खड्डे कुठे घेतले त्याचा साधा नकाशा वहीत काढून ठेवा, विहीर आणि बांधावरची झाडं खुणेला दाखवा. पहिला अहवाल त्याच पानाला चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी कर्बाचे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतील.